पूक्को

कमरपट्ट्याला म्यानात अडकवून बाळगावयाची फिनलंडमधील पारंपरिक सुरी. लाकूड तासणे, मासे साफ करणे, शिकार सोलणे अशी नाना कामे ग्रामीण भागात तिने करतात. एकधारी पोलादी पाते साधारणतः तळहाताच्या रुंदीएवढे असते. धारेचा उतार पात्याच्या मध्याजवळून सरळ निघतो. तो सहाणेवर सपाट टेकवून घासला, की धार लागते. मूठ बहुधा गाठाळ भूर्जाच्या लाकडाची असते. काही लोहार भूर्जसालीच्या चकत्या एकमेकींवर घट्ट दाबून ती घडवितात. कातडी म्यानात मुठीचाही बराच भाग शिरतो.

एकोणिसाव्या शतकात दक्षिण ऑस्ट्रोबॉथ्नियातील सुरीबाज पुंडांमुळे ती शस्त्र म्हणून बदनाम झाली. त्यांपैकी अंत्ती इसोतालो व अंत्ती रानान्यार्वी हे लोकगीतांतही गाजले. सोव्हिएट रशियाने १९३५ मध्ये ‘फिन्का’ सुरी बाळगणे दंडनीय ठरविले. वस्तुतः पारंपरिक पूक्कोच्या मुठीपुढे आडवी पट्टी नसते. भोसकताना हात पात्यावर घसरण्याचा धोका असतो. तिची घडण कामासाठीच झाली, हे यावरून उघड होते. तरीही फिनलंडच्या २००३ च्या सार्वजनिक सुव्यवस्था कायद्यानुसार कामाच्या किंवा अन्य ग्राह्य कारणाशिवाय ती सार्वजनिक जागी बाळगता येत नाही.

पुंडांच्याच मुलखातील काउहावा येथे ईसाक्की यार्वेनपा यांनी १८७९ मध्ये सुऱ्यांचा व्यवसाय सुरू केला. तेथील घोड्याच्या डोक्याच्या आकाराचे पितळी टोक असलेली मूठ संग्राहकांना विशेष प्रिय आहे. मात्र रोजच्या कामाला साधी लाकडी मूठच हाताला बरी पडते.