जतनाचा अधिकार : हायडा वारसा केंद्राची पूर्वपीठिका

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या पश्चिम किनाऱ्यापासून दूर, हेकेट नावाच्या उथळ पण वादळी सामुद्रधुनीपलीकडे, हायडा ग्वाय हा द्वीपसमूह पसरलेला आहे. तेथे किमान १२,५०० वर्षांपासून मानवी वस्ती असल्याचे पुरावे मिळाले आहेत. या बेटांवरील स्किडेगेट या गावालगत, काय ल्नगाय या प्राचीन वस्तीच्या जागेवर, हायडा समाजाचे वारसा केंद्र आणि हायडा ग्वाय संग्रहालय उभे आहे. संग्रहालयाची स्थापना १९७६ मध्ये झाली, तर त्याला सामावून घेणाऱ्या विस्तृत केंद्राचे औपचारिक उद्घाटन २००८ मध्ये झाले. या दोन वर्षांमागे मात्र सुमारे दोन शतकांचा इतिहास आहे. ज्या समाजाच्या वस्तू, स्तंभ आणि पूर्वजांच्या अस्थीसुद्धा जगभरच्या संग्रहालयांनी उचलून नेल्या, त्याच समाजाने संग्रहालय ही संस्था आपल्या हाती घेऊन तिचा अर्थ कसा बदलला, याचा हा इतिहास आहे.

हायडा समाजाची रचना मातृवंशीय आहे. प्रत्येक व्यक्ती जन्मतः आईच्या कुळात येते आणि सर्व कुळे रावेन (डोमकावळा) व गरुड या दोन मोठ्या गटांत विभागलेली असतात. विवाह नेहमी दुसऱ्या गटातील व्यक्तीशी होतो. प्रत्येक कुळाची स्वतःची चिन्हे असतात, उदाहरणार्थ अस्वल, ओर्का देवमासा किंवा बीव्हर. महाराष्ट्रात देवकाची पूजा होते, तशी या चिन्हांची होत नाही. ती कुळाची पदवी, इतिहास आणि विशिष्ट भूमीवरील हक्क यांची साक्ष देतात. ही साक्ष उभी राहते ती लाल सीडर या वृक्षाच्या अखंड खोडातून कोरलेल्या उत्तुंग स्तंभांवर. काही स्तंभ घराच्या दर्शनी भागाला लावले जात, काही दिवंगत व्यक्तीच्या स्मरणार्थ उभारले जात, तर काहींच्या शिरोभागी मोठ्या पदाच्या व्यक्तीचे अवशेष असलेली पेटी ठेवली जाई. अनेक स्तंभांच्या माथ्यावर उंच टोप्या घातलेल्या पहारेकऱ्यांच्या आकृती असत आणि त्या गावावर नजर ठेवतात, अशी श्रद्धा होती.

स्तंभाची उभारणी पोटलॅच या सोहळ्याने पूर्ण होई. पोटलॅच म्हणजे यजमान कुळाने दुसऱ्या गटातील पाहुण्यांना बोलावून, त्यांच्यासमोर आपली नावे, पदे आणि हक्क जाहीर करून, साक्षीबद्दल त्यांना भरघोस देणग्या देण्याची प्रथा होय. लिखित दस्तऐवज नसलेल्या या समाजात साक्षीदारांची स्मृती हीच नोंदवही होती. त्यामुळे स्तंभ, मुखवटे, घोंगड्या आणि लाकडी पेट्या या वस्तूंचा अर्थ सोहळ्यापासून वेगळा काढता येत नसे.

युरोपीय जहाजांशी पहिला नोंदलेला संबंध १७७४ मध्ये स्पॅनिश दर्यावर्दी हुआन पेरेझ याच्या सफरीत आला. त्यानंतर चीनच्या बाजारात मोठी किंमत मिळवणाऱ्या समुद्री ऊदमांजराच्या कातड्यांनी व्यापाऱ्यांची रीघ या किनाऱ्याकडे लागली. या व्यापाराचा एक धागा मुंबईशीही जुळतो, कारण डिसेंबर १७८५ मध्ये जेम्स स्ट्रेंज याच्या नेतृत्वाखाली दोन जहाजे मुंबई बंदरातूनच या किनाऱ्याकडे निघाली होती. पुढे १७८७ मध्ये जॉर्ज डिक्सन याने आपल्या जहाजाच्या नावावरून या बेटांना ‘क्वीन शार्लट’ हे नाव दिले आणि ते दोन शतकांहून अधिक काळ नकाशांवर राहिले. या व्यापारातून आलेल्या लोखंडी हत्यारांनी कोरीवकामाला वेग मिळाला. ऊदमांजरे संपत आल्यावर हायडा कारागिरांनी स्किडेगेटजवळच्या डोंगरात मिळणारा आर्जिलाइट हा काळा, मऊसर दगड कोरून खलाशांसाठी चिलमी, ताटे आणि लहान स्तंभ घडवण्यास सुरुवात केली. ही कला आजही हायडा कारागिरांचीच मानली जाते.

१८६२ हे वर्ष या इतिहासातील सर्वांत दारुण वर्ष ठरले. सॅन फ्रान्सिस्कोहून व्हिक्टोरिया शहरात आलेल्या देवीच्या साथीची लागण तेथे कामासाठी व व्यापारासाठी राहिलेल्या उत्तरेकडील लोकांना झाली. वसाहतीच्या अधिकाऱ्यांनी त्यांच्या छावण्या हटवून त्यांना परत पाठवले, आणि त्यांच्या नौकांबरोबर हा रोग संपूर्ण किनाऱ्यावर पसरला. कित्येक हजारांची, काही अंदाजांनुसार १०,००० हून अधिक असलेली हायडा लोकसंख्या विसाव्या शतकाच्या प्रारंभी सुमारे ६०० वर आली. वाचलेले लोक मुख्यतः स्किडेगेट आणि ओल्ड मॅसेट या दोन गावांत एकवटले, तर दक्षिणेकडील गावे त्यांच्या घरांसह आणि स्तंभांसह ओस पडली. १८८५ पासून कॅनडाच्या कायद्याने पोटलॅचवर बंदी घातली आणि ती १९५१ पर्यंत टिकली. त्याच काळात निवासी शाळांनी मुलांना भाषेपासून आणि घरापासून तोडले.

नेमक्या याच काळात संग्राहक या बेटांवर आले. हा समाज लवकरच नामशेष होणार, म्हणून त्याच्या वस्तू वाचवल्या पाहिजेत, असा त्यांचा युक्तिवाद होता. स्तंभ कापून तुकड्यांनी जहाजांवर चढवले गेले, मुखवटे आणि पेट्या खरेदी झाल्या, आणि थडग्यांतील मानवी अस्थी कोणाचीही संमती न घेता न्यूयॉर्क व शिकागो येथील मोठ्या संग्रहालयांत पोहोचल्या. ज्या कायद्याने सोहळा गुन्हा ठरवला, त्याच्याच छायेत सोहळ्याच्या वस्तू काचेच्या कपाटांत कलाकृती म्हणून मांडल्या गेल्या, हा या संग्रहांच्या इतिहासातील सर्वांत गंभीर अंतर्विरोध आहे.

समाज मात्र नामशेष झाला नाही. १९२० मध्ये निधन पावलेल्या चार्ल्स इडनशॉ या श्रेष्ठ कलावंताने रेषाकलेचे नियम बंदीच्या काळातही जिवंत ठेवले. त्याच वर्षी जन्मलेल्या बिल रीड यांनी जुन्या कलाकृतींचा बारकाईने अभ्यास करून ते नियम नव्याने आत्मसात केले. १९६९ मध्ये तरुण शिल्पकार रॉबर्ट डेव्हिडसन यांनी ओल्ड मॅसेट येथे उभारलेला स्तंभ त्या गावातील जवळपास शतकभरातील पहिला होता, आणि १९७८ मध्ये रीड यांचा स्तंभ स्किडेगेट येथे उभा राहिला. १९८५ मध्ये लायल बेटावरील जंगलतोड रोखण्यासाठी हायडा लोकांनी रस्ता अडवला आणि ७२ जणांना अटक झाली. या संघर्षातूनच १९९३ मध्ये ग्वाय हानास हा प्रदेश हायडा राष्ट्र आणि कॅनडा सरकार यांनी संयुक्तपणे सांभाळण्याचा करार झाला. त्या प्रदेशातील स्गांग ग्वाय या ओस गावाला १९८१ मध्येच जागतिक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला होता, आणि अशा जुन्या गावांची राखण उन्हाळ्यात हायडा पहारेकरीच करतात. स्तंभांच्या माथ्यावरील पहारेकऱ्यांचे काम अशा रीतीने जिवंत माणसांनी पुढे चालवले.

याच पुनरुत्थानाचा एक भाग म्हणजे पूर्वजांच्या अस्थी परत आणण्याची मोहीम. १९९० च्या दशकापासून स्किडेगेट आणि ओल्ड मॅसेट येथील समित्यांनी अनेक संग्रहालयांशी वाटाघाटी केल्या. २००३ मध्ये शिकागोच्या फील्ड संग्रहालयातून सुमारे १६० पूर्वजांच्या अस्थी परत आल्या, आणि अशा सर्व प्रयत्नांतून ४५० हून अधिक पूर्वज आपल्या भूमीत परतले. त्यांच्या दफनासाठी गावकऱ्यांनी घोंगड्या शिवल्या आणि सीडरच्या पेट्या घडवल्या. ही पेटी करण्याची रीत विलक्षण आहे : एकाच फळीवर तीन ठिकाणी खाचा घेऊन ती वाफेने मऊ केली जाते, काटकोनात वाकवली जाते, आणि चौथा कोपरा खुंट्यांनी किंवा मुळांच्या दोरीने सांधला जातो. परत आलेल्या प्रत्येक पूर्वजासाठी ही पेटी करावी लागल्यामुळे शोकाच्या विधीबरोबरच एक कौशल्यही नव्या पिढीच्या हाती आले.

या पार्श्वभूमीवर काय ल्नगाय येथील केंद्राची रचना समजून घ्यावी लागते. इमारती बांधण्यापूर्वीच, २००१ मध्ये, तेथे सहा स्तंभ उभारले गेले. त्यांतील प्रत्येक स्तंभ दक्षिणेकडील एका जुन्या गावाचे प्रतिनिधित्व करतो. त्यांच्यामागे समुद्राकडे तोंड करून, जुन्या गावातील घरांच्या ओळीप्रमाणे, संग्रहालय, सोहळागृह, कोरीवकामाची शाळा आणि नौकागृह अशा वास्तू आहेत. नौकागृहात बिल रीड यांनी १९८६ च्या व्हँकूवर येथील जागतिक प्रदर्शनासाठी घडवलेली, सुमारे १५ मीटर लांबीची ‘लू तास’ ही नौका ठेवलेली आहे. एका खोडातून पोखरलेल्या अशा नौकेत पाणी भरून, त्यात तापवलेले दगड टाकून लाकूड मऊ केले जाते आणि मग तिच्या बाजू रुंद केल्या जातात. संग्रहालयातील जुनी वस्तू पाहून काही पावलांवर तिचे तंत्र शिकणारा विद्यार्थी पाहता येणे, ही सोय दूरच्या राजधान्यांतील कोणत्याही दालनाला देता आलेली नाही. बाहेरचे स्तंभ पावसात आणि वाऱ्यात झिजतात, कारण हायडा परंपरेत स्तंभाने अखेर जमिनीत मिसळणे स्वाभाविक मानले जाते. त्याचे सातत्य नव्या स्तंभाने आणि नव्या सोहळ्याने राखायचे असते.

नव्या स्तंभासाठी मात्र कित्येक शतके वाढलेला सीडर लागतो, आणि तो कोणत्याही संग्रहालयाला साठवून ठेवता येत नाही. म्हणूनच वारशाचा प्रश्न अखेर भूमीच्या प्रश्नाशी येऊन मिळतो. २००७ च्या भूमिवापर करारात प्रचंड जुन्या सीडर वृक्षांना सांस्कृतिक उपयोगासाठी संरक्षण देण्याची तरतूद झाली, २०१० मध्ये बेटांचे हायडा ग्वाय हे नाव अधिकृतपणे पुनर्स्थापित झाले, आणि २०२४ मध्ये ब्रिटिश कोलंबिया सरकारने या बेटांवरील हायडा राष्ट्राचा मूळ भूमिहक्क मान्य केला. काय ल्नगाय येथील केंद्राचे खरे महत्त्व या घटनांच्या ओळीतच उमगते. वस्तूंचे जतन त्यांच्या मालकांपासून तोडून करता येते, हा एकोणिसाव्या शतकातील संग्राहकांचा समज तेथे खोडून निघाला आहे. कारण स्तंभ टिकवायचा तर तो कोरणारा हात, त्याची साक्ष देणारा समाज आणि त्याला लाकूड पुरवणारे जंगल हे तिन्ही एकाच अधिकाराखाली सुरक्षित असावे लागतात.