सहाशे घोडेस्वार आणि एक शेळी

माणसाला कसला षोक लागावा याला नियम नाही. कोणी तिकिटं जमवतो, कोणी काड्यापेट्यांवरची चित्रं जमवतो. पण चिनीमातीचे जुने प्राणी जमवणारा इसम शंभरांत वेगळा ओळखू येतो. तो तुमच्या घरी आला की आधी यजमानाकडे बघत नाही, शोकेसकडे बघतो. काच सरकवतो, आतलं हरीण अलगद बाहेर काढतो, आणि त्या बिचाऱ्याच्या तोंडाकडे ढुंकूनही न बघता त्याला सरळ उलटं करतो. बैल घेणारा शेतकरी दात बघतो, हे लोक तळ बघतात. तिथे कारखान्याची खूण असते. खूण मनाजोगती निघाली तर चहा थंड होईपर्यंत हरीण खाली ठेवत नाहीत. नाही निघाली तर, "बरं आहे हो, मुलांना खेळायला," असं म्हणून परत ठेवतात.

या रोगाचा इतिहासातला सर्वांत मोठा रुग्ण म्हणजे सॅक्सनीचा सत्ताधीश ऑगस्टस. सॅक्सनी म्हणजे जर्मनीचा पूर्वेकडचा मुलूख, राजधानी ड्रेस्डेन. या गृहस्थाचा जन्म १६७०चा, आणि लोक त्याला 'बलवान ऑगस्टस' म्हणत. घोड्याची नाल तो नुसत्या हातांनी मोडत असे, असं सांगतात. असा हा पैलवान कपबश्या बघितल्या की पाघळायचा. त्या काळी खरं पोर्सेलिन, म्हणजे पांढरंशुभ्र, पातळ, उजेडाकडे धरलं तर किंचित पारदर्शक दिसणारं, फक्त चीन आणि जपानहून यायचं. युरोपात ते कोणालाच करता येत नव्हतं. आपण त्या मातीला अजून 'चिनी' म्हणतो ते काही उगीच नाही.

१७१७ साली ऑगस्टसनं एक सौदा केला. प्रशियाच्या राजाकडे चिनी भांडी होती, पण त्याला त्यांची फारशी माया नव्हती. त्याला माया सैन्याची. ऑगस्टसचं बरोब्बर उलटं. तेव्हा दोघांनी अदलाबदल केली. ऑगस्टसनं ६०० घोडेस्वार दिले आणि १५१ नग भांडी घेतली. मी बँकेतला माणूस, विनिमयाचा दर काढल्याशिवाय मला राहवत नाही. एका नगाला जवळजवळ चार घोडेस्वार पडले. त्यात मोठमोठ्या निळ्या-पांढऱ्या झाकणदार बरण्या होत्या. त्या ड्रेस्डेनमध्ये आजही आहेत आणि त्यांचं नावच 'घोडेस्वार बरण्या' पडलं आहे. त्या सहाशे जणांना हा हिशेब कोणी समजावून सांगितला असेल की नाही, देव जाणे. आपली बदली कुठे झाली हे घरी सांगता येतं, पण आपली बदली कशाच्या बदल्यात झाली हे बायकोला सांगायचं म्हणजे कठीणच.

हा सौदा झाला तेव्हा खुद्द ऑगस्टसच्या राज्यात पोर्सेलिन बनत होतं, ही त्यातली आणखी गंमत. त्याचं असं झालं. बोट्गर नावाचा एक पोरगा बर्लिनमध्ये औषधवाल्याकडे उमेदवारी करत होता. आपल्याला सोनं करता येतं, अशी त्यानं आवई उठवली. ऑगस्टसला पैशाची चणचण कायमचीच, त्यानं पोरालाच कोंडून ठेवलं. कर सोनं! सोनं काही होईना. मग चिर्नहाउस नावाच्या शहाण्या शास्त्रज्ञानं त्याला मातीच्या प्रयोगांना जुंपलं, आणि १७०८च्या सुमारास त्या दोघांना खऱ्या पोर्सेलिनचं गुपित सापडलं. १७१० साली ड्रेस्डेनजवळ मायसेन गावच्या किल्ल्यात कारखाना सुरू झाला. किल्ल्यात अशासाठी, की गुपित बाहेर फुटू नये. तरी ते फुटलंच. १७१८ साली व्हिएन्नात दुसरा कारखाना निघाला, आणि मायसेनचेच लोक फितवून नेऊन तो चालवला गेला. ऑफिसातली गुपितं भिंतींना कधीच ऐकत नाहीत. बोट्गर १७१९ साली सदतिसाव्या वर्षी वारला.

आता स्वतःचा कारखाना हाताशी आल्यावर राजाच्या षोकाला धरबंध उरला नाही. ड्रेस्डेनमध्ये एक अख्खा वाडा पोर्सेलिननं भरायचा, असं त्यानं ठरवलं. 'जपानी वाडा' त्याचं नाव. त्यात एक दालन प्राण्यांचं, आणि प्राणी खऱ्याएवढे! सिंह, अस्वल, मोर, गिधाड, बोकड, माकड, मिळून शेकड्यांनी मागणी गेली. तोवर पोर्सेलिन म्हणजे कपबशी, बरणी, फार तर मूठभर बाहुली. एवढाल्या जनावराला कोणी भट्टीत घातलेलं नव्हतं. पण राजाला 'नाही' कोण म्हणणार? असले हुकूम ऐकायला फार सोपे असतात. आमच्याकडेही वरून परिपत्रक येतं, तेव्हा ते एका ओळीचंच असतं.

पहिली जबाबदारी किर्शनर नावाच्या शिल्पकारावर पडली. त्यानं जो गेंडा केला त्याची कथा आपल्या गोव्यातून जाते, म्हणून जरा थांबतो. गुजरातचा सुलतान दुसरा मुझफ्फरशहा यानं एक गेंडा पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कला भेट दिला. हा घरात ठेवायचा कुठे, म्हणून आल्बुकर्कनं तो जानेवारी १५१५मध्ये गोव्याहून जहाजात चढवून आपल्या राजाकडे पाठवला. २० मे रोजी तो लिस्बनला उतरला. (आपल्याला न झेपणारी भेट वरच्या साहेबाला द्यायची पद्धत जुनीच दिसते.) त्या राजानं पुढे तो पोपकडे रवाना केला, आणि बिचारा गेंडा वाटेतच जहाजाबरोबर बुडाला. दरम्यान जर्मनीत ड्यूरर या थोर चित्रकारानं त्याचं चित्र लाकडी ठशात कोरलं. गेंडा मात्र त्यानं पाहिलेला नव्हता! कोणीतरी पाठवलेलं पत्र आणि रेखाटन एवढ्यावर काम भागवलं. त्यामुळे त्याच्या गेंड्याला चिलखतासारखे पत्रे आले, आणि मानेमागे एक जादा शिंगही फुटलं. हे चित्र इतकं गाजलं की पुढची दोनशे वर्षं युरोपातला गेंडा तसाच. किर्शनरनंही तसाच केला, चिलखतासकट आणि जादा शिंगासकट.

आणि इथे आपला नायक येतो. योहान योआखिम केंडलर, जन्म १७०६, एका पाद्र्याचा मुलगा, राजदरबारच्या शिल्पकाराकडे शिकून तयार झालेला. १७३१च्या जूनमध्ये तो मायसेनला रुजू झाला तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. दोन वर्षांत किर्शनर नोकरी सोडून गेला आणि सगळं जनावरखातं याच्याकडे आलं. केंडलरची रीत साधी होती. जनावर करायचं तर आधी जनावर बघायचं. राजाच्या प्राणिसंग्रहात जाऊन जिवंत प्राणी बघायचे. ते नसले तर पेंढा भरलेले बघायचे. आज यात विशेष काही वाटणार नाही, पण शेजारच्या टेबलावर मानेमागे शिंग असलेला गेंडा उभा असताना हे सुचायला थोडी धमक लागते.

१७३२ साली त्यानं एक शेळी केली. खाली बसलेली, करडाला पाजणारी. सिंह आणि गिधाडं राजासाठी ठीक आहेत, पण या शेळीसारखं दुसरं काही नाही असं माझं मत आहे. लेकराला पाजत बसलेल्या बाईच्या तोंडावर जो एक दमलेला शांतपणा असतो ना, 'आता कोणी काही सांगू नका' असा, तो या शेळीच्या तोंडावर आहे. राजवाड्यासाठी मागवलेल्या ऐटबाज जनावरांत ही एकटीच घरातली वाटते.

तिच्या अंगावर भेगा आहेत, त्या का, ते सांगायला हवं. शिल्पकार आधी मूळ नमुना करतो. मग त्याचे तुकडे पाडून प्रत्येकाचा प्लास्टरचा साचा घेतात. साच्यात मऊ माती दाबून भाग काढतात, आणि पातळ मातीच्या लगद्यानं ते एकमेकांना जोडतात. ही माती भट्टीत गेली की जवळजवळ सहाव्या हिश्श्यानं आकसते. छोटं कुत्रं सगळीकडून सारखं आकसतं. शेळीएवढ्या जनावराचं पोट एका वेगानं आकसतं आणि पाय दुसऱ्या. मग तडे जातात, पाय वाकतात, कधी जनावर बसकणच मारतं. त्यावर रंग पक्का करायचा म्हणजे पुन्हा भट्टीत घालणं आलं. एकदा वाचलेल्याला पुन्हा विस्तवात कोण ढकलणार? म्हणून बहुतेक मोठे प्राणी पांढरेच राहिले. काहींना न भाजता वरून तैलरंग फासले होते, ते पुढे बरेचसे गळून गेले. तेच बरं झालं म्हणायचं.

१ फेब्रुवारी १७३३ रोजी ऑगस्टस वारला. जपानी वाडा अर्धवटच होता. मुलगा तिसरा ऑगस्टस गादीवर आला. काही वर्षं जनावरं होत राहिली, मग उत्साह ओसरला. पुढे तो सगळा संग्रह तळघरात गेला. सहाशे घोडेस्वारांच्या किमतीच्या बरण्या, सिंह, गिधाडं, सगळी मंडळी अंधारात.

केंडलरला मात्र नवा साहेब मिळाला होता, काउंट ब्रूल. हा नव्या राजाचा लाडका मंत्री, आणि कारखान्याचा प्रमुखही तोच. हवं ते पोर्सेलिन त्याला फुकट मिळायचं, त्यामुळे त्याची आवड झपाट्यानं वाढली. १७३७ ते १७४१ या काळात केंडलरनं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ब्रूलसाठी जेवणाची भांडी केली. हंस, शिंपले आणि जलदेवतांच्या नक्षीची ती भांडी २,२००हून अधिक नग भरली. आमच्याकडे बाराचा डिनर सेट लग्नात मिळाला तर तो दिवाळीलाच बाहेर निघतो.

त्या काळी मेजवानीत शेवटच्या गोडाच्या वेळी टेबलावर साखरेच्या आणि मेणाच्या बाहुल्या मांडायची पद्धत होती. साखर विरघळते, मेण वितळतं. केंडलरनं त्यांच्या जागी पोर्सेलिनच्या छोट्या मूर्ती आणल्या, आणि आज जगभरच्या शोकेसमध्ये जे चिनीमातीचं गोकुळ नांदतं ते तिथून पसरलं. कपाळाला आठ्या घातलेली पग कुत्री त्यानं केली. माकडांचा वाद्यवृंद केला, अंगरखे घातलेली वीसेक माकडं, कोणी व्हायोलिनवर, कोणी बासरीवर. फ्रान्सच्या राजाची लाडकी मादाम द पाँपादूर हिनंही १७५३ साली हा संच घेतला. आणि एक शिंपी केला, शेळीच्याच गोतातल्या बोकडावर स्वार, बोकडाच्या अंगावर शिंपीकामाची हत्यारं. अशी आख्यायिका आहे की ब्रूलच्या शिंप्यानं दरबारी मेजवानीला बसू देण्याचा हट्ट धरला, तेव्हा ब्रूलनं त्याला असं टेबलावर बसवलं. खरंखोटं कोण जाणे. पण शिंप्यानं पुढचा कोट कसा शिवला असेल, याची मला जास्त उत्सुकता आहे.

कारखान्यात भांडणंही होती. रंगकामाचा प्रमुख हेरोल्ट हा केंडलरच्या आधीपासूनचा, दबदबा असलेला माणूस. चित्रकाराला सपाट जागा हवी. केंडलर जागाच ठेवायचा नाही, सगळीकडे उठाव आणि वळणं. हे वैर वर्षानुवर्षं चाललं. शेवटी दोघंही १७७५ साली वारले, चार महिन्यांच्या अंतरानं. हेरोल्ट जानेवारीत, केंडलर मे महिन्यात. सिनिऑरिटी शेवटपर्यंत पाळली गेली.

१७४७ साली ड्रेस्डेनला क्लारा आली. ही बंगालमधून डच जहाजानं युरोपात नेलेली खरी, जिवंत गेंडीण. तिचा मालक तिला गावोगाव फिरवून तिकिटं लावत होता. केंडलरनं तिला डोळे भरून पाहिलं. मानेमागे शिंग नव्हतं. गोव्याहून निघालेल्या गेंड्याचं ते शिंग सव्वादोनशे वर्षांनी असं उतरायला लागलं.

केंडलरचं मोठं स्वप्न वेगळंच होतं. राजाचा अश्वारूढ पुतळा, माणसाहून मोठा, आणि तो पोर्सेलिनचा! नमुने झाले, काम सुरू झालं. आणि १७५६ साली प्रशियाचं सैन्य सॅक्सनीत घुसलं. सेनेचा मालक दुसरा फ्रेडरिक, म्हणजे ज्यानं बरण्या देऊन सहाशे घोडेस्वार घेतले होते त्याच राजाचा मुलगा! बापानं भांडी देऊन सैनिक घेतले, मुलानं सैनिक आणून भांड्यांचा कारखानाच घेतला. या धंद्यात नफा कोणाला झाला, हे ताळेबंद न मांडताही कळतं. केंडलरला या नव्या धन्यासाठी जेवणाची भांडी करावी लागली. पुतळ्याचा पैसा आटला. एक छोटा नमुना तेवढा उरला. घोडा कधी उभा राहिला नाही.

आता मूर्तीच्या तळाकडे वळू. तिथे निळ्या दोन तलवारी असतात, एकमेकींवर आडव्या. ती कारखान्याची खूण. राजाच्या संग्रहातल्या कित्येक नगांवर साठ्याचा क्रमांकही कोरलेला आहे, कारण ऑगस्टसनं १७२१ साली सगळ्या पोर्सेलिनची यादी करायला घेतली होती. म्हणजे कारखान्याचं नाव आहे, मालकाचा आकडा आहे. शिल्पकाराचं नाव नाही. मग ही शेळी केंडलरची, हे कळलं कसं? तर त्याला महिन्याच्या महिन्याला कामाचा अहवाल द्यावा लागे. या महिन्यात अमुक पक्षी केला, तमुक बोकड दुरुस्त केला, त्याची मान कुठे वळलेली आहे, अशा नोंदी. ते कागद मायसेनला टिकले. शिवाय आणखी एक यादी आहे, १७४०नंतरची, कामाची वेळ संपल्यावर केलेल्या मूर्तींची. पुढे प्रत्येकीची किंमत मांडलेली. सरळ भाषेत सांगायचं तर ओव्हरटाइमचं बिल. अभ्यासक आज ते बिल समोर ठेवून जगभरच्या मूर्तींना बाप मिळवून देतात. हे वाचलं त्या दिवशी मी आमच्या रेकॉर्ड रूममधल्या गठ्ठ्यांकडे जरा आदरानं बघितलं.

मायसेनचा कारखाना अजून चालू आहे, आणि जुन्या नमुन्यांवरून मूर्ती आजही करतो. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या सॅमसननं तर मायसेनच्या हुबेहूब नकला केल्या, तलवारींशी मिळतीजुळती खूण टाकून. त्यामुळे नुसता तळ बघून भागत नाही, हे शोकेससमोर हरीण उलटं करणाऱ्यांनाही ठाऊक असतं. मोठी जनावरं तळघरातून केव्हाच बाहेर आली आणि ड्रेस्डेनच्या झ्विंगर वाड्यात मांडली आहेत. शेळीची एक प्रत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. १७३२ सालच्या भट्टीतले तडे तिच्या अंगावर अजून स्पष्ट दिसतात. करडू पितंच आहे.