मुंबईतील घरांचा प्रश्न आणि नकाशावरील रंग

ज्ञातीच्या गेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत, अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी घरे बांधण्याच्या योजनेचा वृत्तांत सभासदांपुढे ठेवण्यात आला, तेव्हा एका वयोवृद्ध ज्ञातिबांधवांनी उभे राहून एक साधा प्रश्न विचारला. "जागा आपली, पैसा आपण वर्गणीने उभारलेला, राहणारी माणसेही आपलीच, मग घरे बांधण्यास आडकाठी कोणाची?" चिटणीसांनी उत्तर दिले की, उपनगरातील आपला भूखंड पूर्वी एका लहान कारखान्याचा होता, त्यामुळे तो विकास आराखड्यात औद्योगिक विभागात मोडतो आणि तेथे घरे बांधावयाची तर महापालिका आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. उत्तर बिनचूक होते. तथापि त्याने प्रश्नकर्त्यांचे समाधान झाले नाही, आणि खरे सांगावयाचे तर आमचेही झाले नाही. जमिनीवर हा परवानगीचा अंमल आला कोठून, तो कोणाच्या हिताचा ठरला आणि कोणास भोवला, हे जाणल्याखेरीज त्या प्रश्नाचे खरे उत्तर मिळणार नाही, असे वाटल्यावरून प्रस्तुत लेख लिहिण्याचे आम्ही योजिले.

मुंबईच्या नगररचनेचा आरंभ एका रोगाने झाला. १८९६ साली मांडवी भागात प्लेगची साथ उद्भवली आणि पाहता पाहता शहरभर पसरली. दाट वस्ती, कोंदट खोल्या आणि तुंबलेली गटारे हे या साथीचे मूळ असल्याचे सरकारच्या मनाने घेतले, आणि १८९८ साली कायदा करून मुंबई सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड हे रुंद मार्ग या ट्रस्टने जुन्या वस्तीतून काढले. दादर, माटुंगा, वडाळा, शीव या बाजूस शेते आणि ओसाड जमिनी घेऊन आखीव वसाहतींची योजना केली. ट्रस्टचे हे कार्य लहान नव्हे. परंतु रस्त्यांसाठी जितकी गरिबांची बिऱ्हाडे उठली, तितक्यांना नव्या खोल्या मिळाल्या नाहीत, आणि उठलेले लोक शेजारच्याच गल्लीत पहिल्यापेक्षा अधिक दाटीने राहू लागले, हेही तितकेच खरे आहे. नकाशावर रेघ ओढणारा हात आणि त्या रेघेखाली राहणारा माणूस यांची भेट त्या काळी झालीच नाही.

ज्यांना ती भेट घेता आली, त्यांचे मात्र कल्याण झाले. १९१५ साली गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. श्रीपाद सुब्राव तालमकी हे तिचे अध्वर्यू होत. परगावाहून नोकरीनिमित्त आलेल्या, मर्यादित मिळकतीच्या कुटुंबांनी एकत्र येऊन, सहकाराच्या कायद्याचा आधार घेऊन, भाडेकरूचे मालक व्हावे, ही कल्पना त्या काळी नवी होती. पुढे मंचेरजी जोशी यांनी ट्रस्टकडे पाठपुरावा करून दादर-माटुंगा योजनेतील १०३ भूखंड मध्यमवर्गीय पारशी कुटुंबांसाठी राखून घेतले, आणि दादरची पारशी कॉलनी वसली. या दोन्ही उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. पैसा हा या मंडळींचा मुख्य आधार नव्हता. योजना आखली जात असतानाच ती समजून घेणारा, अर्ज लिहिणारा आणि कचेरीत पुनःपुन्हा जाऊन बसणारा कोणीतरी त्यांच्यात होता, हाच त्यांचा मुख्य आधार होय.

आपल्या वाडवडिलांपाशी असा कोणी नव्हता, असे म्हणण्यात आम्हांस संकोच वाटत नाही. आपल्यापैकी बहुतेकांचे आजे-पणजे कोकणातून बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरले ते गिरणीच्या भोंग्याच्या हाकेला. त्यांना नकाशा वाचण्यास सवड कोठली? त्यांच्यासाठी सरकारने जे केले ते पुष्कळांना ठाऊक आहे. गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या कारकिर्दीत १९२० साली विकास खाते स्थापन झाले. शहरात येणाऱ्या कापसाच्या गासडीमागे एक रुपया कर बसवून पन्नास हजार खोल्या बांधण्याचा संकल्प सोडण्यात आला. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे २०७ चाळी आणि सुमारे सोळा हजार खोल्या झाल्या. प्रत्येक खोली साधारणपणे १६० चौरस फुटांची. वरळीच्या खोल्या तर गिरण्यांपासून दूर आणि भाड्याने महाग म्हणून कित्येक वर्षे पुष्कळशा रिकाम्याच राहिल्या. तरी पुढे याच बी. डी. डी. चाळींत तीन-तीन पिढ्या वाढल्या, लग्ने झाली, गणपती बसले, आणि गावाकडून आलेल्या प्रत्येक नातलगास पथारी पसरण्यापुरती जागा मिळाली.

स्वातंत्र्यानंतर नगररचनेचे स्वरूप पालटले. मुंबई इलाख्यात १९१५ सालीच नगररचनेचा कायदा झाला होता. परंतु अवघ्या शहराचा विकास आराखडा करण्याचे बंधन १९५४ च्या कायद्याने आले, आणि १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाने त्याची घडी बसवली. मुंबईचा पहिला विकास आराखडा १९६४ साली प्रसिद्ध होऊन १९६७ पर्यंत टप्प्याटप्प्याने मंजूर झाला. तेव्हापासून शहरातील प्रत्येक जमिनीस जणू एक रंग मिळाला. पिवळा असेल तर निवासी, जांभळा असेल तर औद्योगिक, हिरवा असेल तर मोकळी जागा. याशिवाय शाळा, दवाखाना, मैदान यांसाठीची आरक्षणे निराळी. भूखंडावर किती बांधकाम करावे, याचे माप 'चटई क्षेत्र निर्देशांक' या शब्दाने ठरू लागले. १९९१ च्या नियमावलीत हे माप मूळ शहरास १.३३ आणि उपनगरांस १ असे होते.

ही बंधने मुळात अन्यायाची आहेत, असे आमचे म्हणणे नाही. कारखान्याच्या धुराड्याखाली कोणाचे घर नसावे, मुलांना खेळण्यास मैदान असावे, हा विचार योग्यच आहे. ज्याच्यापाशी बंगला नाही, बाग नाही, त्यालाच सार्वजनिक मैदानाची गरज अधिक. पण रंग हा कायमचा नसतो. तो बदलता येतो, आणि बदलला की जमिनीचे मोल एका रात्रीत पालटते. म्हणून रंग कोण बदलतो आणि बदलताना कोणत्या अटी घालतो, यातच सारे मर्म आहे. याचा सर्वांत मोठा धडा गिरणगावाने दिला आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले. तो संप विधिवत् मिटलाच नाही. गिरण्या मात्र एकामागून एक थंडावल्या. मुंबईत लहानमोठ्या ५८ गिरण्या आणि त्यांच्याखाली सुमारे ६०० एकर जमीन होती. ही सारी जमीन औद्योगिक रंगाची. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आला आणि त्याने या जमिनीचा वापर बदलण्याची वाट उघडली, पण अटीसह. स्थूलमानाने जमिनीचे तीन वाटे व्हावयाचे होते. एक महापालिकेस, मैदाने व सार्वजनिक सोयींसाठी. दुसरा 'म्हाडा'स, परवडणाऱ्या घरांसाठी. तिसरा मालकास, त्याच्या मर्जीने बांधण्यासाठी. ज्या जमिनीवर आपल्या लोकांनी घाम गाळला, तिच्या एका वाट्यावर सामान्यांची घरे उभी राहावीत, अशी ही व्यवस्था होती.

तथापि मालक मंडळी पुढे आली नाहीत. दोन वाटे हातचे जाणार असतील तर जमीन पडून राहिलेली बरी, असा त्यांचा हिशेब होता. नियम आकर्षक नाही म्हणून कोणाचेच काम होत नाही, या कारणास्तव राज्य शासनाने २००१ साली तो बदलला. बदल वाचताना क्षुल्लक वाटावा असा होता. तीन वाटे पूर्वीप्रमाणेच राहिले. मात्र ते अवघ्या जमिनीचे न होता केवळ 'मोकळ्या' जमिनीचे व्हावयाचे ठरले. गिरणीच्या इमारती पाडून जी जागा मोकळी होईल, ती या हिशेबात धरावयाची नव्हती. गिरणीच्या आवारात शेड, गोदामे, खाती यांनीच बहुतेक जागा व्यापलेली असते, हे ज्याने गिरणी आतून पाहिली आहे त्यास सांगावयास नको. एका शब्दाच्या अर्थाने घरांचा आणि मैदानांचा, दोहोंचाही वाटा आटला.

या बदलास न्यायालयात आव्हान मिळाले ते २००५ साली. मधली चार वर्षे निघून गेली होती. त्याच साली राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने आपल्या पाच गिरण्यांच्या जमिनी विकल्याही होत्या. उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल अ‍ॅक्शन ग्रुप या संस्थेच्या बाजूने कौल दिला. परंतु मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवून २००१ चा नियम कायम राखला. त्यानंतर लालबाग-परळच्या आकाशात जे मनोरे चढले, ते आपण सर्व जाणतोच.

एवढे होऊनही कामगारांच्या पदरी जे थोडे पडले, ते आपण होऊन कोणी दिलेले नाही. दत्ता इस्वलकर यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षे मोर्चे काढले, उपोषणे केली, मंत्रालयाचे उंबरठे झिजवले; तेव्हा कोठे म्हाडाच्या वाट्याच्या जमिनीवर गिरणी कामगारांना घरे देण्याची तरतूद अमलात आली. जून २०१२ मध्ये ६,९२५ घरांची सोडत निघाली. घर २२५ चौरस फुटांचे. अर्ज मात्र पुढे दीड लाखांवर गेले. आपल्या ज्ञातीतीलही काही कुटुंबांना त्या सोडतीत घर लागले. पुष्कळांचे अर्ज पेटीत तसेच राहिले, आणि काही अर्जदार तर वाट पाहता पाहताच निवर्तले. त्यांची मुले आज विरार, बदलापूर, पनवेल येथून पहाटेच्या गाडीने कामावर येतात.

हा इतिहास उगाळण्याचा हेतू रडगाणे गाण्याचा नाही. कायद्याने प्रत्येक नागरिकास एक हक्क दिला आहे, तिकडे लक्ष वेधावे एवढाच आहे. विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला, अथवा मंजूर आराखड्यात फेरबदल सुचविला गेला, की लोकांच्या हरकती व सूचना मागविल्या जातात. १९६६ च्या अधिनियमातील ३७ व्या कलमानुसार अशा फेरबदलाच्या सूचनेनंतर त्यासाठी एक महिन्याची मुदत असते. सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्रात छापून येते; लग्नाच्या व श्रद्धांजलीच्या जाहिराती वाचणारे आपण तिच्यावरून नजर फिरवून पान उलटतो. पण हा हक्क वापरला तर काय होते, याचेही उदाहरण आहे. २०१५ साली मुंबईच्या नव्या आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यातील चुकांवर नागरिकांनी हजारो हरकती नोंदविल्या, आणि शासनास तो मसुदा मागे घेऊन पुन्हा तयार करावा लागला. सुधारलेला आराखडा २०१८ साली मंजूर झाला. त्याची मुदत २०३४ पर्यंत आहे, आणि आपल्या भूखंडाचा रंग त्यातच नमूद आहे.

आता सभेतील त्या प्रश्नाकडे वळू. आपल्या मार्गात आडकाठी आहे ती कोणा एका अधिकाऱ्याची नव्हे. औद्योगिक जमिनीवर घरे बांधण्यास परवानगी मिळू शकते. तिच्यासाठी जागेचा ठराविक हिस्सा सार्वजनिक सुविधांसाठी सोडावा लागतो, आणि इतर अटीही पाळाव्या लागतात. हा हिस्सा सोडण्यास काही सभासदांचा विरोध आहे, हे आम्ही जाणतो. "आपल्या जागेतून बाहेरच्यांना का द्यावे?" असे ते विचारतात. त्यांस आमचे एवढेच सांगणे आहे की, गिरणीमालकांनीही १९९१ नंतर हाच प्रश्न विचारला होता, आणि त्याचे उत्तर आपल्याच घरांवर येऊन आदळले. दुसऱ्याने वाटा बुडविला म्हणून ज्याने शोक केला, त्याने स्वतःची पाळी आल्यावर वाटा नाकारू नये.

दुसरी चूक आमच्याच हातून घडली, तीही येथे नमूद करणे प्राप्त आहे. नव्या आराखड्यावर हरकती मागविल्या गेल्या, तेव्हा हा भूखंड आपल्या ताब्यात होता. निवासी विभागात त्याचा समावेश व्हावा, असा एका पानाचा अर्ज त्या वेळी करता आला असता. तो मान्य झाला असता की नाही, हे सांगता येत नाही. पण आम्ही तो केलाच नाही. मुदत केव्हा संपली, हे कार्यकारिणीतील कोणाच्या ध्यानातही आले नाही. दोष द्यावयाचा तर तो प्रथम आम्ही स्वतःकडे घेतो.

यास्तव ज्ञातिबांधवांस व भगिनींस आमची नम्र विनंती आहे. आपल्या तरुणांत वास्तुशास्त्र, स्थापत्य आणि कायदा शिकलेली मुले-मुली आज कमी नाहीत. त्यांनी वर्षातील काही दिवस ज्ञातीस द्यावे. आपल्या वस्तीचा आराखडा पाहावा, छापून येणाऱ्या सूचना वाचाव्या आणि वडीलधाऱ्यांस त्या सोप्या भाषेत समजावून सांगाव्या. वयोवृद्धांनी आपली जुनी भाडेपावती, गिरणीचे ओळखपत्र, हजेरीचे तिकीट जपून ठेवावे. अर्जाच्या वेळी तेच कामास येते. आपल्या योजनेचा अर्ज आता रीतसर दाखल झाला आहे. निर्णय यावयाचा आहे. तो अनुकूल येवो, अशी श्रीचरणी प्रार्थना करून हा लेख पुरा करतो. तथापि पुढच्या खेपेस नकाशावर रंग भरला जाईल, तेव्हा आपला माणूस तेथे उभा असावा, एवढी तजवीज प्रार्थनेवर न सोडता आपणच करावयाची आहे.