आतला आवाज

नशिराबादच्या बाजारात मडके घ्यायचे झाले, म्हणजे आमची आजी ते आधी कानाशी धरी आणि बोटाच्या पेराने टिचकी मारी. आवाज खणखणीत आला तर मडके घरी येई. बद्द आला तर ते निमूटपणे खाली ठेवले जाई. डोळ्यांना न दिसणारी चीर आवाज सांगून जातो, हे तिला कोणी शिकवले नव्हते. वाचकांना नवल वाटेल, परंतु आज रुग्णाच्या उशाशी उभा राहून डॉक्टर सोनोग्राफीचे जे लहानसे यंत्र फिरवतो, त्याची कुळकथा अशाच एका टिचकीपासून सुरू होते.

आजी गावची सुईण होती. बाळंतिणीच्या पोटाला कान लावून ती बाळाचे ठोके ऐके आणि नुसत्या हाताने ते आडवे की उभे हे सांगे. पण 1961 च्या पावसाळ्यात तिची ही विद्या तिच्याच घरी हरली. माझ्या धाकट्या काकूला जेमतेम दोन महिने गेले होते. एका दुपारी पोटात कळ आली, आणि बाहेर फारसे रक्त न जाता ती पांढरीफटक पडत चालली. बैलगाडी जुंपून जळगावची वाट धरली. ती वाट काकूसाठी पुरी झाली नाही. गर्भ नळीत राहून नळी फुटली असावी, असे फार वर्षांनी एका डॉक्टरांनी मला समजावून सांगितले. आजी मात्र मरेपर्यंत एवढेच म्हणत राहिली, “हाताले सारं कयतं बापू, पन आत रगत कुठी जातं ते कयत नाही.”

वैद्यकाचा सारा इतिहास म्हणजे आजीच्या या एका वाक्याशी चाललेली झुंज म्हणा ना! ऑस्ट्रियातला औएनब्रुगर हा डॉक्टर खाणावळवाल्याचा मुलगा. वडील पिंपावर टिचक्या मारून आत दारू किती उरली ते ओळखत, हे त्याने लहानपणी पाहिले होते. पुढे तीच युक्ती त्याने रुग्णाच्या छातीवर केली आणि 1761 मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. बरीच वर्षे त्याच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. 1816 साली पॅरिसच्या लायनेकने कागदाची सुरळी करून एका स्त्रीच्या छातीला लावली आणि स्टेथोस्कोपचा जन्म झाला. त्या नळीने डॉक्टर रुग्णाच्या आत कान देऊ लागला. आत पाहणे मात्र अजून दूर होते.

ती वाट भलतीकडूनच आली. 1880 मध्ये क्यूरी बंधूंना असे आढळले, की काही स्फटिक दाबले की त्यांत वीज उत्पन्न होते. पहिल्या महायुद्धात लांजव्हँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने अशाच स्फटिकांतून पाण्यात ध्वनी सोडला आणि पाणबुडीवर आपटून येणारा त्याचा प्रतिध्वनी पकडला. पुढे कारखाने याच युक्तीने धातूतल्या चिरा शोधू लागले. आमच्या शेजारच्या भुसावळला रेल्वेचे मोठे जंक्शन आहे. रुळांच्या पोटातली चीर हुडकायला रेल्वेचे लोक आजही माणसाच्या कानाला ऐकू न येणारा हाच ध्वनी वापरतात. आजीचे मडके आणि रेल्वेचा रूळ, दोहोंची परीक्षा एकाच जातीची!

ग्लासगोचे प्रसूतितज्ज्ञ इयन डोनाल्ड यांनी 1955 साली धातू तपासण्याचे असेच यंत्र माणसाच्या शरीरातून काढलेल्या गाठींवर लावून पाहिले. पुढे एका बाईला असाध्य कर्करोग झाल्याचे निदान झाले होते. यंत्राने सांगितले, की ही पाण्याने भरलेली गाठ आहे. शस्त्रक्रिया झाली, बाई वाचली. 1958 मध्ये ‘लॅन्सेट’ साप्ताहिकात त्यांचा लेख आला. आमची काकू त्यानंतर तीन वर्षांनी गेली. पण ग्लासगो कुठे आणि नशिराबाद कुठे!

पहिली यंत्रे कपाटाएवढी होती, आणि पुढेही कितीतरी वर्षे रुग्णालाच यंत्राकडे न्यावे लागे. 1990 नंतर अमेरिकी सैन्यासाठी हातात मावणाऱ्या यंत्राची खटपट सुरू झाली, आणि यंत्रच रुग्णाकडे जाऊ लागले. खरा प्रश्न तेव्हा उभा राहिला. यंत्र लहान झाले, पण ते चालवायला कोणाला शिकवायचे आणि किती?

माझी नात एका मोठ्या शहरातल्या रुग्णालयात तातडीच्या विभागात डॉक्टर आहे. तिच्याकडून या शिक्षणाची मौज ऐकण्यासारखी. हवा हा या ध्वनीचा वैरी, म्हणून आधी कातडीवर गार चिकट लेप लावायचा. यंत्राचे टोक लेखणीसारखे धरायचे. पडद्यावर हाड पांढरे, पाणी आणि रक्त काळे. फुप्फुसाचे आवरण श्वासाबरोबर सरकते ते जणू मुंग्यांची रांग चालली आहे. रांग थांबलेली दिसली, की फुप्फुसाभोवती हवा शिरल्याची शंका घ्यायची. अपघाताचा रुग्ण आला, की चार जागा पाहायच्या: यकृत व उजव्या मूत्रपिंडामधली फट, प्लीहेची बाजू, ओटीपोट आणि हृदयाभोवतालचे वेष्टन. “आजोबा, सगळं ओळखायचं नसतं,” ती म्हणते. “एकच प्रश्न विचारायचा: आत रक्त साचलंय की नाही? आणि दिसत नसेल, तर दिसत नाही असं सांगायला शिकायचं.” मला आजीचे वाक्य आठवले.

मागे एकदा मी तिला म्हणालो, “दिवाळीला येशील तेव्हा ते यंत्र घेऊन ये, माझं काळीज तरी पाहू दे.” ती हसली नाही. “आजोबा, तो गुन्हा होईल.”

तिचे खरे होते. जो पडदा साचलेले रक्त दाखवतो, तोच पोटातली मुलगीही दाखवतो. शेकडो वर्षांची मुलाची हाव आणि हे नवे यंत्र यांची गाठ पडली, आणि मुली जन्मण्याआधीच नाहीशा होऊ लागल्या. 1988 मध्ये महाराष्ट्राने याविरुद्ध कायदा केला. देशात असे करणारे हे पहिले राज्य. 1994 मध्ये संसदेने कायदा केला, 2003 मध्ये तो कडक झाला. यंत्राची नोंदणी आली. नेण्याआणण्याजोग्या यंत्रांवर 2012 मध्ये निर्बंध आले. 2014 मध्ये एम.बी.बी.एस. डॉक्टरांसाठी सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाचा नियम झाला. तरीही सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या महाराष्ट्रात 2001 साली 913 होती, ती 2011 साली 894 झाली. आमचा जळगाव जिल्हा तर राज्याच्या सरासरीच्याही खाली होता. सुबत्तेच्या या केळीच्या मुलखाला हे भूषण नव्हे.

आफ्रिकेतल्या काही देशांत सुइणी आणि परिचारिका हे यंत्र शिकून खेड्यापाड्यांतल्या बायकांना तपासतात. आपल्याकडे आरोग्यसेविकेच्या हाती ते देता येत नाही, याचे कारण यंत्रात नाही, आपल्या घरांत आहे. माझ्या काकूसारखी एखादी बाई आजही वेळेवर निदान न झाल्याने जात असेल, तर त्या पापाचा काही वाटा मुली मोजून मारणाऱ्यांकडे जातो. कायदा सैल करावा असे मी म्हणणार नाही. नोंदलेली यंत्रे आणि नीट शिकलेले डॉक्टर लहान गावांच्या दवाखान्यांपर्यंत पोहोचावेत, एवढेच मागणे आहे. आणि डॉक्टरांच्या बरोबरीने आपणही काही शिकायला हवे.

यंदा नात दिवाळीला यायची नाही. लक्ष्मीपूजनाच्या रात्री तिची पाळी आहे. परवा पणत्या आणायला मी एकटाच बाजारात गेलो. घेण्यापूर्वी प्रत्येक पणती कानाशी धरून टिचकी मारून पाहिली. कुंभाराच्या पोराला वाटले असेल, म्हाताऱ्याला काय झाले!