मोडक्या अक्षरांचा इतिहास

रस्त्यावरील पाट्यांची छायाचित्रे घेऊन त्यांतील चुका वर्गात दाखवणे, हा मराठीच्या अध्यापकांचा आवडता उपक्रम आहे. हसू होते, ‘अशुद्ध’ असा शेरा पडतो आणि विषय संपतो. परंतु या शेऱ्यात दोन निराळ्या गोष्टींची गल्लत होते. ‘आर्शिवाद’ ही लिहिणाऱ्याची चूक आहे. ‘हार्‌दकि शुभेच्छा’ असे मात्र कोणीही लिहीत नाही. ते यंत्रातून उतरते. पहिली चूक शुद्धलेखनाचा विषय आहे, दुसरी मुद्रणाच्या इतिहासाचा.

हा इतिहास वाचण्यास नारायण पेठ ही योग्य जागा आहे, कारण केसरीवाडा याच पेठेत आहे. १८८१ साली सुरू झालेल्या ‘केसरी’ला इतर देवनागरी पत्रांप्रमाणेच खिळ्यांच्या संख्येची अडचण होती. काना, मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे यांमुळे जुळाऱ्यासमोर शेकडो खिळ्यांचा पसारा असे. विसाव्या शतकाच्या आरंभी टिळकांनी ही संख्या १९०पर्यंत आणण्याचा प्रयत्न केला. पुढे सावरकरांनी लिपिशुद्धीच्या चळवळीत ‘अि, अी, अु’ अशी अ-ची बाराखडी पुरस्कारली. तिच्यामागेही खिळे वाचवण्याचा विचार होता. या प्रत्येक सूचनेचा कर्ता ठाऊक होता, तिच्यावर वाद झाला, आणि वाचकांना ती नाकारताही आली. अ-ची बाराखडी शेवटी रुळली नाही.

‘हार्‌दकि’चा प्रवास याच्या नेमका उलट आहे. युनिकोडमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर साठवली जाते आणि दाखवताना व्यंजनाच्या आधी आणावी लागते; र्-चा रफारही दाखवतानाच घडतो. फ्लेक्सचा मजकूर जुळवणाऱ्या प्रणालीला ही पुनर्रचना येत नसेल, तर वेलांटी पुढच्या अक्षरावर जाऊन बसते आणि हलन्त उघडा पडतो. कुंचल्याने पाटी रंगवणारा पेंटर ऱ्हस्वदीर्घात चुके, पण त्याची वेलांटी सहसा अक्षर सोडून जात नसे. त्याचा हात उच्चाराच्या नव्हे, लेखनाच्या क्रमाने चाले.

काही हानी इतकी ठळक दिसत नाही. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. ‘आचार्याला’ आणि ‘आचाऱ्याला’ यांत गुरू आणि स्वयंपाकी एवढे अंतर आहे. हा भेद केवळ र-च्या आकारावर उभा आहे. अक्षरसंचात तो आकार नसेल, तर शब्दच बदलतो, आणि वाचणाऱ्याला चूक झाल्याचे कळतही नाही. ल आणि श यांची मराठी वळणेही अशीच हिंदी वळणाच्या अक्षरसंचांमुळे मागे पडली. महाराष्ट्र शासनाला २००९ च्या निर्णयात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श यांचा आग्रह धरावा लागला, तो उगीच नव्हे.

म्हणून ही छायाचित्रे जरूर घ्यावीत, पण त्यांची वर्गवारी कारणानुसार करावी: हाताची चूक, अक्षरसंचातील उणीव, प्रणालीतील दोष. शेजारी पाटीचे साहित्य आणि वर्षही नोंदवावे. खिळ्यांच्या काळात लिपी बदलायची, तर कोणीतरी पुढे येऊन कारण सांगत असे. आज ती कोणाच्याही निर्णयाविना बदलते आहे. त्या बदलाला निदान साक्षीदार तरी असावेत.