दिनविशेष : ८ ऑक्टोबर
१८९१ : ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ या मासिकांचे संपादक, लेखक व चित्रकार शंकर वासुदेव ऊर्फ शंवाकि किर्लोस्कर यांचा जन्म. लाहोरला पं. सातवळेकरांकडे त्यांनी चित्रकलेचे धडे गिरवले. पुढे काका लक्ष्मणरावांच्या किर्लोस्करवाडीच्या (तेव्हा औंध संस्थान, आता ता. पलूस) कारखान्यात ते दाखल झाले. तिथून १९२० मध्ये निघालेले ‘किर्लोस्कर खबर’ हे कारखान्याचे पत्रक त्यांच्या हाताखाली घरोघरी वाचले जाणारे मासिक झाले. लेखणी आणि कुंचला एकाच हाती, याचा नमुना म्हणजे त्यांची ‘टाकांच्या फेकी’ ही व्यंगचित्रमाला.

त्या काळी रेखाचित्र छापायला जस्ताचा ब्लॉक लागे. रेघा सोडून बाकीचा पत्रा आम्लाने खाल्ला, की उठून राहिलेल्या रेघांनाच शाई लागे. लंडनचा कवी-चित्रकार विल्यम ब्लेक याने १७८८ च्या सुमारास याच तत्त्वावर तांब्याच्या पत्र्यावर उलटी अक्षरे लिहून कविता आणि चित्र एकत्र छापले होते. पाने तो आणि पत्नी कॅथरीन हाताने रंगवत.

शंवाकिंचे निधन १ जानेवारी १९७५ रोजी झाले. ‘शंवाकीय’ हे त्यांचे आत्मचरित्र.