‘ऑक्सिडीकारक ताण’ : एका संज्ञेचा इतिहास

वर्धा जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यात, नागपूर–अमरावती मार्गावर, तळेगाव (श्यामजी पंत) हे गाव आहे. तळेगावे महाराष्ट्रात अनेक असल्यामुळे कंसातील विशेषणावाचून या नावाने गावाची निश्चिती होत नाही. वैद्यकातील ‘ताण’ या शब्दाची अवस्था याहून निराळी नाही. मधुमेहाला बोलीत ‘शुगर’ म्हणणाऱ्या रुग्णास ‘ताणामुळे शुगर बिघडते’ असे सांगितले, तर घरची वा शेतीची काळजी एवढाच अर्थ त्याला प्रतीत होतो. ‘ऑक्सिडीकारक ताण’ ही मात्र पेशीत घडणारी रासायनिक घटना होय.

रोगाचे नाव पुरातन आहे. सुश्रुताने प्रमेहाचे सहज व अपथ्यनिमित्तज असे दोन भेद करून पहिल्याचा रोगी कृश व दुसऱ्याचा स्थूल असतो असे नोंदविले. मूत्रातील व रक्तद्रवातील गोडी साखरेची, हे मॅथ्यू डॉब्सनने १७७६ मध्ये दाखविले. ‘ऑक्सिजन’ या नावाचा उगम मात्र एका चुकीत आहे. हा वायू सर्व आम्लांचा जनक आहे या समजुतीने लाव्हाझिएने ते नाव योजिले. म्युरिअ‍ॅटिक आम्लात तो नसतोच, हे पुढे डेव्हीने सिद्ध केले. मराठीने त्याला ‘प्राणवायू’ म्हटले. आयुर्वेदातील ‘प्राण’ हा पंचवायूंपैकी एक. त्याचा या वायूशी संबंध नाही. तथापि प्राण राखणाऱ्या वस्तूपासून शरीरास अपाय संभवतो ही कल्पना मराठी वाचकास चमत्कारिक वाटते, त्याला हे नावही काही अंशी कारण असावे.

तो अपाय रेबेका गर्शमन व तिच्या सहकाऱ्यांनी १९५४ मध्ये मांडला. ऑक्सिजनची विषबाधा व क्ष-किरणांची इजा या दोहोंच्या मुळाशी मुक्त मूलके आहेत, हे त्यांचे प्रतिपादन होते. १९६९ मध्ये मॅककॉर्ड व फ्रिडोविच यांनी सुपरऑक्साइडचे निवारण करणारे विकर शोधले. शरीर ज्याच्या निवारणासाठी स्वतंत्र यंत्रणा बाळगते ते शरीरात उत्पन्नही होत असले पाहिजे, हा युक्तिवाद त्यामुळे बळावला. ‘स्ट्रेस’ हा यंत्रशास्त्रातील शब्द. १९३६ पासूनच्या हान्स सेल्ये याच्या संशोधनातून तो शरीरशास्त्रात रुळला आणि १९८५ मध्ये हेल्मुट सीस याने ऑक्सिडीकारके व प्रतिऑक्सिडीकारके यांचा तोल पहिल्यांच्या बाजूस ढळणे, या अर्थी त्याची व्याख्या केली.

मधुमेहाशी त्याची सांगड बेन्सच्या १९९१ च्या लेखाने ठळक झाली. ब्राउनलीने २००१ मध्ये कार्यकारणाची साखळी मांडली : ग्लुकोज अतिरिक्त झाले की तंतुकणिकांत सुपरऑक्साइड वाढते, त्यामुळे ग्लुकोजच्या विघटनातील एक टप्पा अडतो, मागे साचलेली द्रव्ये आडवाटांनी जातात, आणि नेत्रपटल, मूत्रपिंड व मज्जातंतू यांस इजा पोहोचते. मांडणी सुबक आहे. म्हणूनच तिच्यावरून उपचाराचा निष्कर्ष काढण्याची घाई झाली. ९,५०० हून अधिक रुग्णांच्या ‘होप’ चाचणीत (२०००) ई जीवनसत्त्वाने हृद्रोग टळले नाहीत. त्या रुग्णांत मधुमेहीही पुष्कळ होते. प्रतिऑक्सिडीकारक गोळ्या ‘ताण’ घालवितात, ही बाजारातील भाषा या निष्कर्षाची दखल घेत नाही, आणि तिचा भुर्दंड गरीब रुग्णास पडतो.

महाराष्ट्रातील संशोधनाने प्रश्न आणखी मागे, गर्भावस्थेपर्यंत नेला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत मातांच्या पोषणाचा अभ्यास आरंभिला. तेथील अर्भके इंग्लंडमधील अर्भकांहून वजनाने बरीच हलकी, परंतु त्वचेखालील मेद तुलनेने टिकवून असलेली आढळली. २००४ मध्ये याज्ञिक व लंडनचे युडकिन यांनी स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली : दोघांचा देहभार-निर्देशांक २२.३, पण मेदाचे प्रमाण अनुक्रमे २१.२ व ९.१ टक्के. सुश्रुताच्या कृश-स्थूल भेदात असा ‘कृश-मेदस्वी’ देह बसत नाही, आणि प्राचीनांना सारे ठाऊक होते असे म्हणणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात घ्यावे. अतिरिक्त मेद आणि ऑक्सिडीकारक ताण यांचा संबंध अनेक प्रयोगांत दिसला आहे. त्यांत कारण कोणते व परिणाम कोणता, याविषयी मतभेद आहेत.

‘ताण’ ऐवजी ‘असंतुलन’ हा शब्द सीसच्या व्याख्येस अधिक जवळचा ठरेल. पाठ्यपुस्तकांत ‘ऑक्सिडीकरण’ रूढ असल्यामुळे ‘ऑक्सिडीकारक असंतुलन’ विद्यार्थ्यास अपरिचित वाटणार नाही. रुग्णाशी बोलताना मात्र ही दोन्ही नावे बाजूस ठेवून, रक्तातील वाढती साखर डोळे व मूत्रपिंड बिघडविते, एवढेच सांगणे श्रेयस्कर.